यशबाचे दोन प्रश्न

सरांच्या व्हरांड्यात वेताची एक खुर्ची होती. रिटायर झाले तेव्हा कॉलेजातल्या लोकांनी निरोप म्हणून दिलेली. हात रुंद, पाठ सरळ, बसलं की उठावंसं वाटू नये अशी. तिच्यावर सरांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. काकू तिच्यावर धुतलेले कपडे टाकायच्या. "ते तर बसत नाहीत, कपडे तरी बसू दे," म्हणायच्या. चहा सर उभ्याने प्यायचे. पेपर फिरत फिरत वाचायचे, त्यामुळे अर्धी बातमी व्हरांड्यात आणि अर्धी स्वयंपाकघरात वाचली जायची. जेवायला बसले तरी दोन घास झाले की उठून खिडकीपर्यंत जाऊन यायचे. "बसला का माणूस दगड होते," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्यावर काकू आतून म्हणायच्या, "मग तर बसाच. दगड झाले तर निदान स्वतःकडे तरी लक्ष द्याल."

कारण सरांचं सगळं लक्ष दगडांकडे. दगडांतही एकाच, यशबाकडे. ज्याला हल्ली सगळे जेड म्हणतात तो.

मी त्यांच्याकडे वर भाड्याने राहायला आले तेव्हा राज्य नवीन झालं होतं आणि माझी नोकरी भोपाळहून रायपूरला फेकली गेली होती. फेकली हाच शब्द बरोबर. फायली ट्रकमधून आल्या, आम्ही रेल्वेने आलो, आणि दोघांनाही ठेवायला जागा नव्हती. आज कोणत्या खोलीत बसायचं हे सकाळी चपराशाला विचारावं लागे. एखाद्या जुन्या बंगल्यावर आज पाटी लागली की उद्या ती काढून दुसरी लागलेली असे. कायमचं इथे की परत भोपाळ, हे कोणी सांगेना. मी पेटीतले अर्धे कपडे बाहेर काढले होते आणि अर्धे आतच ठेवले होते. सगळं शहरच तसं होतं. अशा दिवसांत बूढापारा मोहल्ल्यातल्या त्या दुमजली घरात मी खोली बघायला गेले, तर घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, माझा हात धरला आणि बोटातली अंगठी खिडकीकडे वळवली.

"काच," ते म्हणाले.

"पुष्कराज आहे. वडिलांनी दिलाय."

"पिवळी काच आहे. रंग चांगला बसवला बनवणाऱ्यानं."

मी तेव्हाच बॅग उचलून निघणार होते. मला भयंकर राग आला होता. काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बस वो बाई. माझ्या मंगळसूत्राचे मणी यांनी लग्नाच्या मांडवातच भिंगाखाली धरले होते. मी तर पळूनही जाऊ शकत नव्हती." मी हसले आणि राहिले. अंगठी मात्र काढली नाही, मुद्दाम.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. एका उन्हाळ्यात हौस म्हणून जयपूरला रत्नांची पारख शिकायला गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या पारख्याने त्यांच्या तळहातावर पांढऱ्या यशबाचा एक तुकडा ठेवला. तो सरांना परत ठेववेना. शेवटी म्हातारा कंटाळून म्हणाला, घेऊन जा. तो सुपारीएवढा तुकडा कायम त्यांच्या झब्ब्याच्या उजव्या खिशात असायचा आणि अंगठा त्याच्यावर फिरत असायचा. दर महिन्याला तो खिसा फाटायचा आणि काकू शिवायच्या. या पांढऱ्या यशबाला जगभर बकऱ्याच्या चरबीचं नाव आहे. काकूंच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर सरांनी हे तपशीलवार सांगितलं, आणि तेही नेमकी बासुंदी वाढली जात असताना. तेव्हापासून घरात त्याला लोण्याचा यशब म्हणायचं असं काकूंनी ठरवून टाकलं.

"यशब म्हटला का लोकाइले हिरवाच दिसते," सर मला जिन्यात अडवून सांगायचे. मी ऑफिसला निघालेली असायचे, त्यांना त्याचं काही नसायचं. "हिरवा तर त्यातला एक. अन् यशबही एक नाही, दोन आहेत. नेफ्राइट वेगळा, जेडाइट वेगळा. भाऊ नाहीत, शेजारी आहेत, नाव एकच पडलं. नेफ्राइट पाह्यला तर लोण्यासारखा पांढरा, शिजल्या पालकासारखा, काळा, तपकिरी. तेल लावल्यावानी चमकते. जेडाइटचा थाटच वेगळा. कोवळ्या चिंचेच्या पाल्यासारखा हिरवा, जांभळट, तांदळासारखा पांढरा, वरच्या सालीजवळ नारिंगी. मूळचे दोघंही पांढरेच. क्रोमियम घुसलं का हिरवा, लोखंड घुसलं का मळकट नाहीतर तांबूस, मँगनीज असलं का जांभळा."

"म्हणजे भेसळच की," मी एकदा चिडून म्हटलं.

ते थांबले. इतके खूश झाले की माझी बस चुकली. "हव, भेसळच. पण देवाची भेसळ आहे ती. माणसाची नव्हे."

त्यांना सगळीकडे तेच रंग दिसायचे. बूढा तालाबाचं पाणी पालकाचं नेफ्राइट. तेलीबांध्याच्या तळ्यावर संध्याकाळी जे उतरतं ते जेडाइटचं जांभळं. माझा चहा म्हणजे जेडाइटची साल, दूध कमी घालते म्हणून. आणि एक गोष्ट त्यांना फार आवडायची, की यशब नवरत्नांत नाही. कोणताही ज्योतिषी तो घालायला सांगत नाही. "याचा ग्रह नाही. कोणाच्याच बापाचा नाही हा. म्हणून मले याच्यावर भरवसा आहे."

नवं राज्य झालं तसं लोकांच्या डोक्यात एकच घुसलं, की आपल्या जमिनीखाली हिरेमाणकं आहेत. गरियाबंदकडून, महासमुंदकडून, कुठून कुठून माणसं गमछ्यात बांधून दगड आणायची आणि कोणीतरी त्यांना सरांचा पत्ता द्यायचं. व्हरांड्यात रांग लागायची. सर फेऱ्या मारत एकेकाला निकाल द्यायचे. क्वार्ट्ज. काच. फरशी. फरशीवाला म्हणाला, पन्ना है सर, ठीक से देखिए. सर म्हणाले, ठीक से देखा, मंदिर की है, वापस लगा दो. बीरगावहून एक कामगार आला होता, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात भट्टीवर असायचा. त्याने हिरवागार, काचेसारखा एक गोळा आणला. सरांनी पाहिला आणि सांगितलं, भट्टीचा मळ आहे, मँगनीजचा. तो माणूस हसला, म्हणाला, "मोला मालूम हे, सर. फेर सुंदर हे न?" ठाऊक होतंच त्याला, पण सुंदर आहे एवढंच दाखवायचं होतं. सर त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. तो गोळा पुढे कायम खिडकीत होता. जो फसवत नाही त्याच्याशी सरांचं भांडण नव्हतं.

भांडण होतं अर्ध्या उत्तराशी. त्यांचं म्हणणं असं, की दगडाला दोन प्रश्न विचारायचे असतात. एक, दगड खरा आहे का. दोन, रंग त्याचा आहे का. यशबात तर हे फारच. खरा यशब घेतात, पण मळकट, कोणी विचारत नाही असला. आम्लात टाकून उकळतात, आणि मग त्यात हिरवा रंग मुरवतात. दगड खरा, रंग खोटा. "लोक पहिला प्रश्न विचारतात अन् घरी जातात. दुकानदार पहिलं उत्तर देते अन् गप्प बसते. खोटं कोणीच बोललं नाही, अन् फसवणूक होऊन गेली." म्हणून सर दोन्ही उत्तरं द्यायचे, विचारली नसली तरी. सदर बाजारातले सराफ त्यांना लांबून येताना पाहून पंखा मोठा करायचे आणि ऐकू येत नाही असं दाखवायचे.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. त्यांच्या मुलीला विचारा.

अनू तेव्हा तिशीच्या पुढे गेली होती. बँकेत नोकरी, दिसायला नीटस, बोलायला माझ्यासारखीच फटकळ. लग्न जमत नव्हतं असं नाही. जमून मोडत होतं. दुर्गचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या वडिलांच्या बोटात पन्ना होता. पोह्यांच्या बशा फिरत असताना सरांनी त्यांचा हात हातात घेतला. सगळ्यांना वाटलं, आपुलकीने घेतला. "काच आहे," सर म्हणाले, "पण चांगली काच आहे." त्या गृहस्थांची बढती त्या पन्न्यामुळे झाली असा त्यांच्या घरात समज होता. पोहे तसेच राहिले. मग बिलासपूरचं रेल्वेतलं घर आलं, तिथे मुलाच्या आईच्या गळ्यात हिरवी माळ होती. जेड म्हणून कोणीतरी दिलेली. सरांनी दोन्ही उत्तरं दिली. दगड यशब नाही, आणि जो आहे त्याचाही रंग दिलेला. नकार फोनवर आला. मुलगी छान आहे, वडील जरा वेगळे वाटतात.

त्या दिवशी अनू वर माझ्या खोलीत येऊन बसली. रडली नाही. माझ्या उघड्या पेटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही तरी सामान काढा ना पूर्ण. काहीतरी एक ठरू द्या या घरात."

तिसरं स्थळ तिने स्वतःच आणलं. मुलगा भिलाईचा, कामानिमित्त बँकेत यायचा. पुढे काम नसतानाही यायला लागला. तेलीबांध्याला तळ्याकाठी दोघं भेटायचे. मला ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं, सरांना सोडून सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अनू वडिलांच्या बरोबरीने व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागली, कारण ते थांबणार नव्हते.

"बाबा, मले हाच पाहिजे. उद्या मोडलं तर मी परत कोणासमोर बसणार नाही. एक दिवस फक्त. उद्या दगडाबद्दल एक शब्द बोलू नका."

"कोणी विचारलं तर?"

"कोणी नाही विचारत, बाबा. कोणालेच नाही पडलं ते."

सर म्हणाले, "हव." रात्रभर वर मला त्यांच्या चपलांचा आवाज येत होता.

आणि विचारलं. मुलाच्या आईनेच विचारलं. त्याला कारण प्रेमच होतं, हेच तर वाईट. शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, मुलाला एकटीने वाढवलेल्या बाई. होणारे व्याही यशबाचे वेडे आहेत हे त्यांनी मुलाकडून ऐकलं होतं. बँकॉकला जाणाऱ्या भावाच्या मागे लागून त्यांनी सुनेसाठी यशबाची बांगडी मागवली होती, आणि काकूंकडून गुपचूप अनूच्या बांगडीचं मापही घेतलं होतं. ओटी भरून झाली तशी त्यांनी लाल मखमलीची डबी उघडली. हिरवीगार बांगडी. बायका बघतच राहिल्या.

"चुड्यात शोभेल म्हणून हिरवी पाहून मागवली," त्या म्हणाल्या. "पण सर, आम्हाला यातलं काही समजत नाही. आधी तुम्ही पाहून सांगा, मगच घालते."

"मम्मी ने बहुत मन से मँगवाई है, अंकल," मुलगा म्हणाला.

काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. मी सरांच्या मागेच उभी होते. सरांनी बांगडी घेतली, गालाला लावली, मग दोऱ्यात टांगून नखाने वाजवली. लोकांना वाटलं, काही विधी असेल. नंतर ते खिडकीपाशी गेले आणि भिंगाखाली धरली. इतकी वर्षं जिन्यात अडवून अडवून त्यांनी मलाही थोडं बघायला शिकवलं होतं. मला भिंगाची गरज पडली नाही. हिरवा रंग दगडात नव्हता. दगडाच्या बारीक भेगांमध्ये तो धाग्याधाग्याने जमला होता, जाळं पसरावं तसा.

सर वळले. "दगड खरा आहे," ते म्हणाले.

खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला. आम्ही तिघींनी नाही. काकूंना, अनूला आणि मला माहीत होतं, की हे पहिलं उत्तर आहे. सरांचं तोंड उघडंच होतं. अनू त्यांच्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, गेलं, हेही गेलं. मग सरांनी तोंड मिटलं, बांगडी मुलाच्या आईच्या हातात दिली आणि पाणी पिऊन येतो म्हणून आत गेले. हाताला साबण लावून बाईंनी ती अनूच्या मनगटावर चढवली. टाळ्या वाजल्या.

मी मागच्या अंगणात गेले. सर नळापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून नळापर्यंत चालत होते. "अर्धंच सांगितलं मी," ते म्हणाले. "सदर बाजारचा सराफ झालो."

"चांगलं केलं, सर," मी म्हटलं, आणि मला मनापासून तसंच वाटत होतं. त्यांना वाटत नव्हतं.

लग्न झालं, अनू भिलाईला गेली. माझंही रायपूर कायम झालं. मी सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेले, तरी रविवारी बूढापाऱ्याला जायचे. व्हरांड्यातली रांग संपली होती. दगड घेऊन कोणी आलं तर सर फाटकातूनच सांगायचे, डोळे गेले आता. डोळ्यांना काहीही झालं नव्हतं. सदर बाजारातला पंखाही आता कोणी मोठा करत नसे, कारण ते तिकडे जातच नव्हते. "ज्यानं घरच्या दगडाचं अर्धं सांगितलं," ते मला म्हणाले, "त्यानं दुसऱ्याले काय सांगावं?" भिंग त्यांनी कुठेतरी ठेवून दिलं. चालणं मात्र वाढलं. आधी ते घरात फिरायचे, आता गल्ल्यांतून फिरायला लागले. काकूंना धड झोप लागेना.

अनू माहेरी आली की सर आधी तिच्या मनगटाकडे बघायचे आणि मग तोंडाकडे. त्यांना माहीत होतं, असला रंग टिकत नाही. उन्हाने, गरम पाण्याने, साबणाने कधीतरी उतरणार, आणि तेव्हा सगळं बाहेर येणार. सासरी काय म्हणतील, पारखी असून व्याह्यांनी खोटा रंग खरा म्हणून चालवला, ही एकच धास्ती. पण अनू नेहमी लांब बाह्यांचा कुर्ता घालून यायची, बाही मनगटापर्यंत ओढलेली. ते विचारू शकत नव्हते. तीही दाखवत नव्हती. मला दोघांचाही राग यायचा, खरं सांगते.

काही वर्षांनी दिवाळीनंतरच्या एका दुपारी मी तिथे होते. काकू शंकरपाळ्यांचा डबा उघडत होत्या. अनू आली ती बिनबाह्यांच्या ब्लाउजवर साडी नेसून. सर चालता चालता तिच्यासमोर थांबले. तिने हात पुढे केला.

बांगडी हिरवी नव्हती. तांदळाच्या पेजेसारखी पांढरट झाली होती, आणि एका बाजूला फिकट जांभळी झाक होती.

"उतरला," सर म्हणाले.

"उतरला नाही, उतरवला," अनू म्हणाली. "कढत पाण्यात, साबणात भांडी घासली इतके दिवस. एक दिवसही हातातून काढली नाही. कामवाली येते आमच्याकडे, तरी मी घासायची."

"तुले माहीत होतं?"

"त्याच दिवशी. तुमची पोट्टी आहे, बाबा, मले खिडकीच्या उजेडात दिसलं. पण मी बांगडीकडं नव्हती पाहत, तुमच्याकडं पाहत होती. तुम्ही माझ्यासाठी तोंड मिटलं. तेव्हापासून तुमचे पाय थांबले नाहीत. मले ते बघवत नव्हतं."

"अन् तुझ्या सासूबाई?" काकूंनी भीतभीतच विचारलं.

"त्यांनाच पहिलं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या बाबांनी चारचौघांत माझी लाज राखली. आता रोज विचारतात, आज किती पांढरी झाली." ती हसली, आणि हात तसाच पुढे धरून म्हणाली, "बाबा, तुमचं दुसरं उत्तर राहिलं आहे. सांगा आता."

सरांनी सवयीने खिसा चाचपला. भिंग नव्हतं. काकू आत गेल्या, देवघरातल्या फोटोमागून भिंग काढून आणलं आणि पदराने पुसून त्यांच्या हातात दिलं. सर मुलीचं मनगट धरून खिडकीपाशी गेले, जिथे बीरगावचा तो हिरवा गोळा अजून होता. पुष्कळ वेळ पाहत राहिले. भेगांतलं जाळं गेलं होतं.

"मँगनीज," ते त्या जांभळ्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले. मग भिंग खाली केलं. "दगड खरा आहे. अन् रंगही याचाच आहे."

अनूने त्यांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं. काकूंनी वेताच्या खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून कडेवर घेतले, आणि सर बसले.